द्रव धातूचा थर आणि वॉरंटीचे एक वर्ष

७ ऑक्टोबर २०२० रोजी सोनी कंपनीने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. बाजारात यायला महिनाभर उरलेला प्लेस्टेशन ५ हा गेमिंग कन्सोल कंपनीच्या यांत्रिक रचना विभागाचे प्रमुख यासुहिरो ओटोरी यांनी तीत स्क्रू काढत काढत पूर्ण उघडून दाखवला. पंखा निघाला, भलामोठा हीटसिंक निघाला, आणि मुख्य चिपवर नेहमीच्या करड्या थर्मल पेस्टऐवजी चकाकणारा धातू दिसला. तो धातू द्रव होता. तो वापरण्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ तयारी करावी लागल्याचे ओटोरी यांनी सांगितले. भारतात हा कन्सोल २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना विक्रीला आला आणि तेव्हापासून पुण्यातल्या कित्येक दिवाणखान्यांत टीव्हीखाली विसावला. वितळलेला धातू, तोही विजेचा वाहक, घरातल्या यंत्रात विजेच्या सर्किटाशेजारी ठेवणे शहाणपणाचे आहे का, ही शंका तेव्हापासून विचारली जाते. माझे उत्तर दोन भागांत आहे. अभियांत्रिकी म्हणून हा निर्णय योग्य होता. मात्र त्याचा मोठा फायदा बनवणाऱ्याच्या पदरात पडतो आणि वॉरंटी संपली की जोखीम विकत घेणाऱ्याच्या गळ्यात येते. या वाटणीचा विचार धातूच्या गुणदोषांइतकाच व्हायला हवा.

कन्सोलमध्ये हा धातू कुठेही वाहत नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. उष्णता वाहून नेणारा वितळलेला धातू कल्पाक्कमच्या प्रायोगिक फास्ट ब्रीडर अणुभट्टीत आहे. तिथे १९८५ पासून द्रव सोडियम गाभ्यातली उष्णता उचलून नळ्यांतून बाहेर नेतो. पुण्यात पाषाणला, आयसर संस्थेत, राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली २०१९ मध्ये सी-डॅकने उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही द्रव फिरतो. प्रोसेसरला भिडवलेल्या पट्ट्यांतून जाणारा हा द्रव उष्णता खोलीच्या हवेत सांडू न देता थेट बाहेर नेतो. प्लेस्टेशनमधला धातू यातले काहीच करत नाही. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी फट भरून काढणे एवढेच त्याचे काम. कितीही घासून गुळगुळीत केले तरी दोन पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीतच असतात; ते मोजक्या ठिकाणी टेकतात आणि उरलेल्या जागेत हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० एकक मानली तर हवेची ०.०२६ भरते. म्हणजे फटीत हवा राहिली तर तिच्यामागचा किलोभर वजनाचा हीटसिंक निरुपयोगी ठरतो. पेस्ट आणि द्रव धातू दोन्ही ही हवा हटवतात. फरक आहे तो हवेच्या जागी कोण येते यात: चांगल्या पेस्टची वाहकता ५ ते १० एकक असते, तर गॅलियमच्या द्रव मिश्रधातूंची १६ ते ३० च्या आसपास.

एवढा खटाटोप करण्याची गरज का पडली, हे समजण्यासाठी घरातली कपड्यांची इस्त्री डोळ्यांसमोर आणावी. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण दीडशे ते दोनशे चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे पाच-सहा वॅट. पहिल्या प्लेस्टेशन ५ मधली चिप सुमारे ३ चौरस सेंटिमीटरची. खेळ रंगात आला की अख्खे यंत्र २०० वॅटच्या घरात वीज खाते आणि तिचा मोठा वाटा याच चिपमध्ये उष्णता होऊन बाहेर पडतो. तो दीडशे वॅट धरला तरी चौरस सेंटिमीटरमागे ५० वॅट होतात, म्हणजे इस्त्रीच्या आठ-दहा पट. इस्त्रीचा तळ दोनशे अंशांपर्यंत तापला तर हरकत नाही, कारण तिचे कामच ते आहे. चिपला मात्र शंभराच्या आत राहावे लागते. प्लेस्टेशन ५ बरोबरच नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सने हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. त्यातली चिप ३६० चौरस मिलिमीटरची, आकाराने मोठी. चित्रे रचणारे ५२ गट तिच्यात १.८२५ गिगाहर्ट्झने चालतात. सोनीने ३६ गटच घेतले आणि ते २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत पळवले. चिप लहान म्हणजे सिलिकॉनचा खर्च कमी, पण उष्णता कमी जागेत कोंडलेली. एक्सबॉक्सला उष्णता पसरवणारा व्हेपर चेंबर आणि साधी पेस्ट पुरली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: द्रव धातू ही कन्सोलमात्राची गरज नाही. लहान आणि वेगवान चिप निवडण्याच्या निर्णयातून ती गरज उभी राहिली.

आता फायदा किती, ते मोजून पाहू. दीडशे वॅट उष्णता, ३ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ आणि ०.१ मिलिमीटर जाडीचा थर धरला, तर ५ एकक वाहकतेच्या पेस्टमधून ती उष्णता पलीकडे जाताना तापमानात सुमारे १० अंशांचा फरक पडतो. २० एकक वाहकतेचा धातू असेल तर हाच फरक अडीच अंश. थर निम्मा पातळ केला तर दोन्ही आकडे निम्मे होतात. म्हणजे चिपच्या तापमानात चार ते आठ अंशांची बचत. चिपमधल्या काही जागा इतरांपेक्षा जास्त तापतात, तिथे बचत याहून अधिक असू शकते. शिवाय वर्षानुवर्षे तापून-निवून पेस्ट कडेला सरकत जाते आणि वाळते, तो दोषही धातूत नाही. आकडा लहान वाटला तरी रचनाकाराच्या दृष्टीने तो मोठा आहे. तेच अंश हीटसिंक वाढवून मिळवायचे, तर तांबे आणि अॅल्युमिनियम जास्त लागते, यंत्र आणखी फुगते, किंवा पंखा जोरात फिरवावा लागतो. ओटोरी यांनीही हाच हिशेब मांडला होता: मधला थर महाग पडला तरी पुढचा सगळा डोलारा स्वस्तात भागतो. प्लेस्टेशन ४ च्या पंख्याच्या घरघरीने त्रासलेल्यांना शांत यंत्र मिळाले, हा ग्राहकाचाही खरा लाभ आहे आणि तो मी कमी लेखत नाही.

धातू कोणता, हेही पाहिले पाहिजे. मुख्य घटक गॅलियम. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये आपल्या आवर्तसारणीतली रिकामी जागा पाहून त्याचे भाकीत केले आणि १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकोक द बॉइसबोद्राँने तो शोधून काढला. शुद्ध गॅलियम २९.७६ अंश सेल्सियसला वितळतो. म्हणजे मे महिन्यात पुण्याच्या घरात तो आपोआप द्रव राहील आणि जानेवारीत गोठेल. वर गोठताना पाण्यासारखाच फुगेल, सुमारे तीन टक्क्यांनी. चिपसारख्या नाजूक वस्तूवर असा फुगवटा चालणार नाही. म्हणून त्यात इंडियम मिसळतात. योग्य प्रमाणातले हे मिश्रण १५.७ अंशांना वितळते, आणि कथिल घातले की वितळणबिंदू आणखी खाली येतो. गॅलियमची स्वतंत्र खाण नसते. बॉक्साइटपासून अॅल्युमिना काढताना तो मागे राहतो, सरासरीने टनामागे पन्नासएक ग्रॅम. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीच्या पठारावरून बॉक्साइट बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्याकडे जात आला आहे. आपल्या सह्याद्रीच्या जांभ्या पठारांतही हा धातू असा विखुरलेला पडून आहे. जगातला जवळजवळ सगळा प्राथमिक गॅलियम मात्र चीनमधून येतो आणि ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. भारत सरकारने त्याच वर्षी जाहीर केलेल्या ३० अतिमहत्त्वाच्या खनिजांच्या यादीत गॅलियम, इंडियम आणि कथिल ही तिन्ही नावे आहेत. एका कन्सोलमध्ये फटीपुरता लागणारा धातू पाव ग्रॅमही भरत नाही, त्यामुळे प्रश्न टंचाईचा नाही. पण इतक्या कष्टाने वेगळा केलेला धातू जुने यंत्र भंगारात गेल्यावर पुन्हा हाती येत नाही, हे खटकतेच.

फायद्याचा हिशेब पुण्याच्या हवेत करायला हवा. प्लेस्टेशन ५ च्या माहितीपुस्तिकेत वापराचे तापमान ५ ते ३५ अंश असे दिलेले आहे. शिवाजीनगरच्या वेधशाळेत एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ३७-३८ अंशांना सहज पोहोचते. एप्रिलचा तिथला विक्रम ३० एप्रिल १८९७ चा, ४३.३ अंशांचा. घरातले तापमान बाहेरच्या इतके नसते हे खरे, पण वरच्या मजल्यावर, स्लॅब तापलेल्या खोलीत, टीव्हीखालच्या तीन बाजूंनी बंद कप्प्यात ठेवलेल्या यंत्राला ३५ अंशांची मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. चिपपासून खोलीतल्या हवेपर्यंत उष्णतेला एकामागून एक अडथळे पार करावे लागतात: मधला थर, तांब्याचा तळ, हीट पाइप, पत्र्याच्या पट्ट्या, आणि शेवटी हवा. द्रव धातू यातला पहिलाच अडथळा कमी करतो. हवा दहा अंशांनी तापली तर पंखा तितकाच फिरत असताना ते दहाही अंश चिपपर्यंत जसेच्या तसे पोहोचतात. जानेवारीतली २० अंशांची खोली आणि मेमधली ३६ अंशांची खोली यांच्यातला सोळा अंशांचा फरक द्रव धातूने मिळवलेल्या चार-आठ अंशांपेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणून कन्सोलच्या मागे वीतभर जागा मोकळी सोडणे, बंद कप्प्यातून तो बाहेर काढणे आणि जाळीत अडकलेली धूळ वेळोवेळी काढणे यांतून या शहरात मिळणारा लाभ कोणत्याही महागड्या थराच्या तोडीचा किंवा त्याहून जास्त आहे. ज्या शहरात शेजारच्या प्लॉटवर सतत बांधकाम चालू असते, तिथे धुळीचा मुद्दा तर विशेषच.

इथे एक गैरसमजही दूर करावा लागतो. द्रव धातूमुळे खेळ जास्त वेगाने चालतात असे अनेकांना वाटते. प्लेस्टेशन ५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्येच स्पष्ट केले होते की या यंत्राचा वेग चिपच्या तापमानावरून ठरत नाही. चिप किती काम करते आणि त्याला किती वीज लागेल, यावरून ठरतो. थंड खोलीतले आणि तापलेल्या कपाटातले यंत्र खेळाडूला सारखाच अनुभव देईल, हा त्यामागचा हेतू होता. त्यामुळे तापमान वाढले की आधी पंखा जोरात फिरतो, आणि अगदीच हाताबाहेर गेले तर यंत्र सूचना देऊन बंद होते. म्हणजे तयार यंत्र विकत घेणाऱ्याला द्रव धातूतून वेग मिळत नाही. वेगाचा लाभ रचनेच्या टप्प्यावर, लहान चिप निवडताना, आधीच घेतला गेलेला असतो.

यावर आक्षेप येईल की वेग राहू दे, आयुष्य तर वाढते? थंड चिप जास्त टिकते हे सर्वसाधारणपणे खरेच आहे. पण इतिहासातले सर्वांत महागडे उदाहरण वेगळ्याच ठिकाणी बोट ठेवते. २००५ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स ३६० च्या असंख्य यंत्रांवर लाल दिवे लागून ती बंद पडली. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी सुमारे १.१५ अब्ज डॉलर बाजूला काढले. पुढे कंपनीच्याच अभियंत्यांनी सांगितले की दोष चिपच्या आतल्या सूक्ष्म जोडांत होता. यंत्र तापते, निवते, पुन्हा तापते, आणि या रोजच्या ताणाने जोड तुटतात. कितीही उंची थर लावला असता तरी ते सदोष जोड वाचले नसते. टिकाऊपणा एका थरात नसतो, संपूर्ण रचनेत असतो. हे उदाहरण आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे: तिथे चुकीची किंमत बनवणाऱ्याने मोजली.

आता जोखमीकडे. गॅलियमचे मिश्रधातू विजेचे उत्तम वाहक आहेत. एक थेंब जरी चिपशेजारच्या बारीक भागांवर सांडला तर शॉर्टसर्किट होऊन मदरबोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून सोनीने चिपभोवती फोमची चौकट बसवली आणि शेजारचे भाग विद्युतरोधक आवरणाखाली घेतले. मग उभ्या ठेवलेल्या कन्सोलमध्ये धातू ओघळून खाली उतरणार नाही का? २०२३ च्या सुरुवातीला युरोपातल्या काही कन्सोल दुरुस्त करणाऱ्यांनी नेमका हाच इशारा दिला आणि तो जगभर पसरला. यंत्र आडवेच ठेवा, असा सल्ला पुण्यातही मित्र मित्राला देऊ लागले. याचे उत्तर गणितातून बऱ्यापैकी मिळते. या धातूची घनता पाण्याच्या साडेसहापट, पण पृष्ठताण पाण्याच्या सहा-सातपट किंवा त्याहून जास्त. दोन सेंटिमीटर उंचीच्या धातूच्या स्तंभाचा तळाशी पडणारा दाब सुमारे १,२५० पास्कल. उलट ०.१ मिलिमीटरच्या फटीत, दोन्ही पृष्ठभागांना तो नीट चिकटलेला असेल तर, त्याला धरून ठेवणारा केशाकर्षणाचा दाब १०,००० पास्कलच्या घरात जातो. म्हणजे फटीतल्या धातूला धरून ठेवणारी ताकद त्याला खाली ओढणाऱ्या वजनाच्या आठपट आहे. पण हीच फट १ मिलिमीटर झाली तर धरण्याची ताकद हजार पास्कलवर येते आणि वजन जिंकते. त्यामुळे कडेला साचलेला जादा धातू खाली उतरू शकतो, चिपवरचा पातळ थर नाही. पृष्ठभागाचा एखादा भाग धातूला नीट चिकटलेला नसेल तर तिथेही पकड सुटते. उभे ठेवल्याने चांगले यंत्र बिघडते हा इशारा मला म्हणूनच अतिरंजित वाटतो; मात्र तो निराधार नव्हता. कडेच्या आणि अर्धवट चिकटलेल्या जागांचा प्रश्न खरा होता, आणि पुढे आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये सोनीने या धातूच्या जागी बारीक खोबणी कोरली, ती थर जागेवर राहावा म्हणूनच. अरुंद खोबणीत केशाकर्षण वाढते, हे वरच्या गणिताशी जुळतेही. दुर्दैवाने नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर आलेला हा प्रो तेव्हा भारतात आणला गेला नाही, कारण त्याला लागणारा वाय-फायचा ६ गिगाहर्ट्झ पट्टा इथे खुला नव्हता. सुधारलेली रचना हवी तर परदेशातून कोणाच्या तरी सामानातून, भारतीय वॉरंटीशिवाय आणायची, अशी स्थिती झाली.

उभे-आडवे या वादात खरा धोका मागे पडला. हातातून निसटून फरशीवर पडलेल्या वस्तूला क्षणार्धासाठी गुरुत्वाकर्षणाच्या शंभर पट किंवा अधिक धक्का बसू शकतो. तेव्हा तो १,२५० पास्कलचा दाब सव्वा लाखाच्या पुढे जातो आणि केशाकर्षणाचे दहा हजार पास्कल त्यापुढे टिकत नाहीत. वर्षानुवर्षे एका जागी शांत उभा असलेला कन्सोल सुरक्षित राहतो आणि एकदा आपटलेला राहत नाही, याचे कारण हे आहे. गळती झालेली बरीचशी यंत्रे आधी पडलेली किंवा आधी उघडलेली असतात, असे इतर अनेक दुरुस्ती करणाऱ्यांनी त्या वादात नोंदवले, तेही याच्याशी सुसंगत आहे. पुण्याच्या संदर्भात हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिकायला आणि नोकरीला आलेल्या तरुणांच्या या शहरात अकरा महिन्यांच्या भाडेकराराची रीत आहे. हिंजवडीहून खराडीला, कोथरूडहून वाकडला बिऱ्हाड हलते तेव्हा कन्सोल गाद्या-भांड्यांबरोबर टेम्पोत चढतो. मग तो एक-दोनदा विकलाही जातो, आणि तिसऱ्या मालकाला तो कधी आपटला होता का, हे कळायला मार्ग नसतो. मूळ खोके आणि त्यातले साचे जपून ठेवणे आणि नेताना यंत्र आडवे, हातात किंवा मांडीवर नेणे एवढी काळजी तरी घ्यावीच. जुना कन्सोल घेणाऱ्याने तो विक्रेत्याच्या घरी तासभर जड खेळ चालवून, पंख्याचा आवाज ऐकून मगच पैसे द्यावेत.

दुसरा धोका यंत्र उघडण्याचा. पेस्ट बदलणे हे संगणक हाताळणाऱ्यांच्या नित्याच्या सरावातले काम आहे. तापकीर गल्लीच्या परिसरात जाऊन पेस्टची नळी आणायची, जुनी पुसायची, नवी लावायची. द्रव धातूला हा सराव लागू पडत नाही. हीटसिंक उचलताच धातूचा तुटलेला थर हवेच्या संपर्कात येतो, त्यावर ऑक्साइडची साय धरते, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत ती आणखी लवकर धरते. तोच थर पुन्हा दाबून बसवला तर तो पूर्वीसारखा चिकटत नाही आणि मधे कोरडे ठिपके राहतात. सिरिंजमधून मिळणारा धातू लॅपटॉपमध्ये भरण्याचा मोह अनेकांना होतो. तिथे हीटसिंकचा तळ अॅल्युमिनियमचा निघाला तर गॅलियम त्याच्या स्फटिककणांच्या सीमांत शिरतो आणि मजबूत धातू बोटाने चुरण्याइतका ठिसूळ होतो. तांब्याशीही तो हळूहळू संयोग पावतो आणि थर सुकत जातो. म्हणूनच कारखान्यात तांब्यावर निकेलचा मुलामा देतात. पारा जसा वाफेतून शरीरात जातो तसा हा जात नाही, त्याची वाफ नेहमीच्या तापमानाला नगण्य असते, त्यामुळे आरोग्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. हातमोजे घालावेत आणि लहान मुलांना दूर ठेवावे, एवढे पुरे. घरी बसून ज्याला लॅपटॉप थंड करायचा आहे त्याने तापल्यावर मऊ होणारी, वीज न वाहणारी फेज-चेंज चकती वापरावी. वाहकतेत ती द्रव धातूच्या मागे आहे, पण ती ओघळत नाही, काही जाळत नाही आणि वर्षानुवर्षे जागेवर राहते.

कोणी म्हणेल, इतकी यंत्रे विकली गेली आणि त्यांतली थोडीच गळली, मग या धोक्याचा एवढा बाऊ कशाला? बहुसंख्य यंत्रे ठणठणीत चालतात हे मला मान्य आहे, आणि धातू वापरणे चूक होते असे मी म्हणतही नाही. पण धोका विरळ असणे हेच तर तो बनवणाऱ्याने उचलावा याचे कारण आहे. लाखो यंत्रांवर वाटलेला विरळ खर्च कंपनीला किरकोळ पडतो. ज्या एका घरात तो धोका खरा ठरतो तिथे तो पन्नास हजारांचा असतो. भारतात या कन्सोलला वॉरंटी एक वर्षाची. यंत्राचे अपेक्षित आयुष्य सहा-सात वर्षांचे आणि ओघळणे, सुकणे, कोरडे ठिपके पडणे हे सगळे सावकाश घडणारे दोष. पहिल्या वर्षात ते दिसतीलच असे नाही. पेस्ट असती तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोणत्याही होतकरू कारागिराने थोडक्या पैशांत काम केले असते. द्रव धातूमुळे ही स्वस्त दुरुस्तीची वाट बंद झाली, आणि ती बंद करण्याचा निर्णय कंपनीने आपल्या खर्चाचा विचार करून घेतला होता.

कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातच ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि पुढे १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. २०१९ च्या नव्या कायद्याने सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी थेट उत्पादकावर टाकली, पुरेशी सूचना न देणे हाही दोष मानला. मात्र त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान वगळले आहे. म्हणजे गळलेल्या धातूने कन्सोलशेजारचा टीव्ही जळाला तर या तरतुदीचा विचार होऊ शकतो; कन्सोलच निकामी झाला तर सदोष वस्तूची सर्वसाधारण तक्रार घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते, आणि तिथे पहिला प्रश्न वॉरंटीच्या मुदतीचा येतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे निवडली. गेमिंग कन्सोलचा वेगळा उल्लेख त्यात नव्हता.

मागणी म्हणून यातून दोनच गोष्टी मला रास्त वाटतात. चिपवरच्या थरापुरती आणि त्याच्या गळतीने होणाऱ्या बिघाडापुरती वॉरंटी किमान तीन वर्षांची असावी. एक्सबॉक्स ३६० च्या वेळी तेवढी देता आली होती, तीही दोष उघड झाल्यावर. इथे तर दोष विरळ असल्याचे सगळेच मान्य करतात, मग ती देणे अधिक सोपे आहे. दुसरे म्हणजे धातूचे घटक, थराची ठरवलेली जाडी, स्क्रू आवळण्याचा दाब आणि साफ करण्याची रीत दुरुस्ती करणाऱ्यांना उपलब्ध करून द्यावी. हे गुपित ठेवण्यासारखे तंत्र आता उरलेले नाही. २०२० च्या त्या चित्रफितीत कंपनीने स्वतःच यंत्र शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडून दाखवले होते. ही माहिती हाती असेल तर शहरातला कुशल कारागीर हे काम शिकेल, कारण हात तयार असलेली माणसे इथे पुष्कळ आहेत. ती नसेल तर तो अंदाजाने सिरिंज दाबत राहील आणि दर वेळी एखादा मदरबोर्ड भंगारात जाईल, त्यातल्या गॅलियम-इंडियमसकट.